यीस्टमधली मायटोफॅजी, कॉलेजच्या लॅबमध्ये: प्रकल्प नोंदी

१२ जून

काम आजपासून सुरू. पदव्युत्तरच्या दोन विद्यार्थिनी, लॅबचे मामा आणि मी. यीस्टची पेशी नको असलेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) गिळून पचवते, म्हणजे मायटोफॅजी करते, ते आपल्या लॅबमध्ये दाखवायचं. मोठ्या संस्थांमध्ये हा नेहमीचा प्रयोग आहे. आमच्यासारख्या साध्या कॉलेजात करताना कुठं अडतं ते लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून या नोंदी.

खरी अडचण पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिली. पेशी उपाशी राहिली की पेशीद्रव्यातलं हाती लागेल ते पचवायला घेते. त्यात थोडे मायटोकॉन्ड्रिया गेले म्हणून ते निवडून नेले असं ठरत नाही. निवड दाखवायची तर निवडणारं प्रथिन काढून टाकल्यावर बाकीचं पचन चालू राहायला हवं आणि मायटोकॉन्ड्रियाचं तेवढं थांबायला हवं. यीस्टमध्ये ते प्रथिन म्हणजे एटीजी३२. जपानमध्ये ओकामोतो आणि ओहसुमी यांच्या गटानं आणि अमेरिकेत क्लिओन्स्की यांच्या गटानं ते २००९ मध्ये स्वतंत्रपणे शोधलं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलात बसतं आणि पेशीद्रव्यात डोकावणाऱ्या टोकानं पिशवी बनवणाऱ्या यंत्रणेतल्या एटीजी११ आणि एटीजी८ या दोन प्रथिनांना धरतं. मग तेवढ्या भागाभोवती पटल वाढत जाऊन पिशवी तयार होते आणि ती रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कप्प्यात, रिकामी होते.

आमच्याकडे चार वाण आहेत, सगळ्यांत ओएम४५ या बाहेरच्या पटलावरच्या प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं. एक मूळ वाण. दुसरा एटीजी३२ काढलेला, त्याच्या नळीवर पोरींनी ‘बत्तीस-नाही’ लिहिलंय. तिसरा ‘एक-नाही’, म्हणजे एटीजी१ नाही, त्यामुळे पिशवीच तयार होत नाही. चौथा ‘पेप४-नाही’: पिशवी रिक्तिकेत पोचते, पण तिथली पाचक प्रथिनं क्रियाशीलच होत नसल्यामुळे आतला माल न पचता पडून राहतो. वाण एका ओळखीच्या लॅबनं फुकट दिले, आम्ही फक्त कुरिअर भरलं.

मोजायचं कसं: रिक्तिकेत ओएम४५ पचून जातं, जीएफपी मात्र बराच वेळ टिकतं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर घ्यायची आणि हवं ते अँटिबॉडीनं ओळखायचं) ७० किलोडाल्टनच्या जरा वर पूर्ण प्रथिन दिसतं आणि मायटोफॅजी झाली असेल तर २७ वर सुटं जीएफपी.

२० जून

खरेदीत आठवडा गेला. तीन कोटेशन, कमिटीची सही, मग ऑर्डर. जीएफपीची अँटिबॉडी सगळ्यात महाग, चाळीस हजारांच्या आसपास. बाकी सगळं मिळूनही तेवढं होत नाही.

पेशींना नायट्रोजनाविना उपाशी ठेवायच्या माध्यमासाठी यीस्ट नायट्रोजन बेस मागवताना ‘अमिनो आम्लं नसलेला’ एवढंच लिहून भागत नाही. ‘अमोनियम सल्फेटही नसलेला’ असं स्पष्ट लिहा. आमच्याकडे आधी अमोनियम सल्फेट असलेला डबा आला. त्यात पेशी उपाशी राहतच नाहीत, छान वाढत बसतात. परत पाठवणं जमलं नाही, तो डबा आता दुसऱ्या प्रॅक्टिकलला वापरतोय.

३ जुलै

पहिला प्रयोग. नेहमीच्या ग्लुकोजच्या माध्यमात वाढवलेल्या पेशी नायट्रोजन नसलेल्या माध्यमात टाकल्या, सहा तास ठेवल्या. हाती काहीच नाही. २७ वर बँड नाही, आणि पूर्ण प्रथिनाचा बँडही इतका फिका की आधी अँटिबॉडीवर संशय आला.

दोष अँटिबॉडीचा नव्हता. ग्लुकोज भरपूर असलं की यीस्ट आंबवूनच भागवतं, मायटोकॉन्ड्रियाची फारशी गरज ठेवत नाही. मुळात थोडेच असतील तर टाकून काय देणार? आधी त्यांच्याशिवाय जगताच येणार नाही अशा अन्नावर पेशी वाढवायच्या, म्हणजे लॅक्टेटवर. भरपूर मायटोकॉन्ड्रिया झाले की एकदम ग्लुकोज द्यायचं आणि नायट्रोजन बंद करायचा. मग ते एका झटक्यात जादा ठरतात. पद्धतीत ‘लॅक्टेट’ असं लिहिलेलं होतंच, पण एक दिवस वाचेल म्हणून आम्ही ते टाळलं होतं.

९ जुलै

लॅक्टेटनं वेगळा त्रास दिला. लॅक्टिक आम्ल पाकासारखं घट्ट येतं. दोन टक्क्यांच्या हिशोबानं घालायचं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं पीएच ५.५ वर आणायचा. घालताना फ्लास्क चांगलाच तापतो, बर्फात ठेवून हळूहळू घाला. थंड झाल्यावर पीएच पुन्हा बघा, थोडा सरकलेला असतो.

प्लेट ओतल्या त्या जमल्याच नाहीत. सकाळी बघितलं तर खिरीसारखं. प्लेट घट्ट करणारा अगर आम्ल माध्यमाबरोबर एकत्र ऑटोक्लेव्ह केला की तो तुटतो. अगर दुप्पट तीव्रतेनं साध्या पाण्यात वेगळा ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळला, तेव्हा जमल्या.

आणि हवा. लॅक्टेट वापरायला पेशीला ऑक्सिजन लागतोच. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये आम्ही १५० मिलिलिटर भरलं होतं, ते दोन दिवस नुसतं ढिम्म. ५० वर आणलं, शेकर वाढवला, मग वाढ सुरू झाली. ग्लुकोजवर दीड-दोन तासांत दुप्पट होणारं यीस्ट इथं त्याच्या दुपटीहून जास्त वेळ घेतं. संध्याकाळी घातलं की सकाळी ओडी (पेशींची दाटी सांगणारा आकडा) १ च्या आसपास मिळेल एवढ्या बेतानं सुरुवात करा. दुपारी घातलं तर रात्री अकराला कॉलेजात यावं लागतं आणि वॉचमन काका विचारतात, ‘मॅडम, घरी भांडण झालंय काय?’

१८ जुलै

पैसे वाचवायला आम्ही दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून बँड दाखवणारी) अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जोडलेली घेतली. एनबीटी आणि बीसीआयपी ही रंग देणारी रसायनं घातली की पडद्यावरच जांभळा बँड उमटतो. फिल्म नको, डार्करूम नको, कॅमेरावालं महागडं यंत्र नको. लहान कॉलेजांनी हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

पण तीनदा धुतलेला पडदा कोरा. धुवायला फॉस्फेट बफर वापरला होता, आणि फॉस्फेट हे एन्झाइम दाबतं. सगळं ट्रिस बफरवर नेलं, रंग दहा मिनिटांत आला.

दुसरी बारीक गोष्ट, ब्लॉकिंगची (पडद्यावरची रिकामी जागा झाकायची) दूध पावडर. मामांनी किराणा दुकानातनं चहात घालायची दूध पावडर आणली होती, डेअरी व्हाइटनर. त्यात साखर असते. पाकिटावर ‘स्किम्ड मिल्क पावडर’ लिहिलेलं बघून घ्या.

२४ जुलै

या नोंदींत सगळ्यात उपयोगी भाग हाच असेल.

लॅक्टेट जमलं, ब्लॉट जमला, आणि २७ वर सुटं जीएफपी आलं. ठळक. पोरी खूश, मीही खूश. मग सगळ्या ओळी नीट वाचल्या. मूळ वाणात सहा तासांनी बँड आहे, बरोबर. पण मूळ वाणातच शून्य तासाला, म्हणजे उपाशी ठेवायच्या आधीही आहे. ‘बत्तीस-नाही’मध्ये आहे. ‘एक-नाही’मध्येही आहे, जिथं पिशवीच तयार होत नाही. फक्त ‘पेप४-नाही’ची ओळ साफ.

नुसतं मूळ वाण आणि सहा तास एवढंच चालवलं असतं तर हा निकाल आम्ही आनंदानं पोस्टरवर लावला असता.

आधी नळ्यांची अदलाबदल झाली असेल असं वाटलं, पण पीसीआर करून बघितलं तर वाण बरोबर होते. मग चारही वाणांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली. जीएफपी सुटतंय ते रिक्तिकेतल्या पाचक प्रथिनांमुळे, कारण ती नसली की सुटत नाही. पण मायटोफॅजी होवो न होवो, सुटतंय. म्हणजे कापाकापी जिवंत पेशीत होत नसून आमच्या नळीत होत होती. आम्ही पेशी गोळा करून काचेच्या मण्यांनी साध्या बफरमध्ये फोडत होतो, तेही टेबलावर, गप्पा मारत. पेशी फुटली की रिक्तिका फुटते, आतली पाचक प्रथिनं बाहेर येतात आणि समोर दिसेल ते कापतात.

खात्रीसाठी एकाच कल्चरचे दोन भाग केले, मूळ वाण, शून्य तास. एक भाग फोडून अर्धा तास बाहेर ठेवला. दुसऱ्यात कल्चरमध्येच थेट थंडगार टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, ते पाचक प्रथिनांना जागीच थांबवतं) घातलं, शेवटची तीव्रता १० टक्के, बर्फात अर्धा तास, मग सेंट्रिफ्यूज. पहिल्यात २७ चा बँड, दुसऱ्यात नाही.

तेव्हापासून नियम: नमुना काढला की दुसऱ्या सेकंदाला टीसीए. पेशी धुवायच्या नाहीत, आधी गोळा करायच्या नाहीत. नंतर थंड ॲसिटोननं धुऊन वाळवायचं, मग सॅम्पल बफरमध्येच मण्यांनी फोडून उकळायचं. बफर घातल्यावर निळा रंग पिवळा झाला तर आम्ल राहिलंय असं समजा. ट्रिसचा थेंब थेंब घाला, निळा परतला की थांबा. पिवळा नमुना तसाच जेलवर घातला तर ओळी वेड्यावाकड्या धावतात, तेही करून झालंय.

२९ जुलै

काम बंद. कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी वाढतंय, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. चिखलीची विद्यार्थिनी गावाकडून निघून तिच्या सख्ख्या नात्यातल्या मामाकडं राजारामपुरीत आलीय, पण तिचं लक्ष फोनवर. तिला म्हटलं, यीस्ट कुठं पळून जात नाही, घरच्यांचं बघ.

रात्री लाईट गेली. सकाळी मामांचा फोन: ‘मॅडम, शेकर रात्रीपासनं बंद हाय, फ्लास्कात खाली बसलंय की ओ सगळं.’ ते कल्चर टाकून दिलं. न ढवळलेल्या पेशी दिसायला ठीक असतात, पण हवेशिवाय रात्रभर बसलेल्यांचा शून्य तास कशाला धरायचा?

एक शहाणपण आधीच केलेलं: अँटिबॉडीचे छोटे छोटे भाग करून दोन वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवले होते, एक इन्व्हर्टरवर. ग्लिसरॉलमधले वाणही तसेच.

८ ऑगस्ट

पाणी उतरलं, पोरी परत. आज हवा तसा ब्लॉट मिळाला. मूळ वाण: शून्य तासाला काही नाही, दोन तासांनी शंका येईल इतकंच, चार तासांनी स्पष्ट, सहा तासांनी ठळक. बाकी तिन्ही वाण सहा तासांनीही साफ.

या वेळी आणखी एक बदल केला होता. नायट्रोजन नसलेल्या माध्यमात टाकण्यापूर्वी पेशी दोनदा निर्जंतुक पाण्यानं धुतल्या. आधीच्या माध्यमातल्या पेप्टोनचा (त्यात नायट्रोजन असतो) अंश मागं राहिला तर उपासमार उशिरा सुरू होते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वेळी होते. दोन ब्लॉट एकमेकांशी जुळत नव्हते त्याचं कारण बहुतेक हेच.

१४ ऑगस्ट

बाहेरून आलेले एक सर पोस्टर बघून म्हणाले, ‘शीर्षकात पार्किन्सन टाका, निधी मिळेल.’ सल्ला प्रेमाचा होता, पण टाकणार नाही.

पार्किन्सनशी जोडलेली वाट पिंक१ आणि पार्किन या दोन प्रथिनांची. लहान वयात होणाऱ्या पार्किन्सनच्या जपानी रुग्णांमध्ये पार्किनचा जनुक १९९८ मध्ये सापडला, पिंक१ चा वेगळ्या कुटुंबांमध्ये, २००४ मध्ये. धडधाकट मायटोकॉन्ड्रियात पिंक१ आत ओढलं जातं आणि कापून नष्ट होतं. पटलावरचा विद्युतभार गेला की ओढणं बंद पडतं, पिंक१ बाहेरच्या पटलावर साचतं आणि पार्किनला बोलावतं. पार्किन मग त्या मायटोकॉन्ड्रियावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या माळा चढवतं आणि त्या बघून पिशवी येते. अमेरिकेतल्या यूल यांच्या लॅबनं २००८ मध्ये, भार घालवणारं रसायन दिल्यावर पार्किन फक्त बिघडलेल्यांवर जाऊन बसतं, हे दाखवलं.

यीस्टमध्ये पिंक१ नाही, पार्किनही नाही. शिवाय आमच्या प्रयोगात मायटोकॉन्ड्रिया बिघडलेलेच नाहीत. चांगले धडधाकट आहेत, फक्त ग्लुकोज आल्यावर जादा झालेत. माणसात याच्या जवळचं उदाहरण हवं तर तांबड्या रक्तपेशीचं द्यावं: पक्व होताना ती आपले सगळे मायटोकॉन्ड्रिया टाकून देते आणि त्यासाठी बाहेरच्या पटलावर निक्स नावाचं प्रथिन असतं, जे एटीजी३२ सारखंच सरळ पिशवीच्या प्रथिनाला धरतं. पोस्टरवर पार्किनचं चित्र होतं तिथं आता निक्स आहे. दोघींना हे तोंडपाठ करायला लावलं नाही, पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येणार.

२१ ऑगस्ट

फळ्यावरची अडचण अजून अर्धीच सुटलेली. ‘बत्तीस-नाही’मध्ये मायटोकॉन्ड्रिया पचत नाहीत हे दिसलं, पण त्या वाणात बाकीचं पचन चालू आहे का? ते बंद असेल तर निवडीचा सगळा युक्तिवाद कोसळतो. रीतसर उपाय म्हणजे जीएफपी-एटीजी८ चा प्लाझ्मिड (डीएनएचा छोटा गोल तुकडा) पेशीत घालून, सरसकट पचन मोजणारा आणखी एक ब्लॉट. प्लाझ्मिड यायला महिना लागेल.

त्याआधी जुना, फुकटचा उपाय केला. ओहसुमी यांनी सुरुवातीचं काम साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकावरच केलं होतं. रिक्तिकेतलं पचन थांबवलं की आत आलेल्या पिशव्या न विरघळता साचतात आणि डोळ्यांना दिसतात. त्याच शोधमालिकेला २०१६ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे पीएमएसएफ होतं, ते रिक्तिकेतलं एक मुख्य पाचक प्रथिन बंद पाडतं. १ मिलिमोलर दिलं. ते पाण्यात लवकर निकामी होतं, म्हणून आयसोप्रोपॅनॉलमध्ये ताजं बनवा, आणि विषारी आहे, हातमोजे घाला.

चार तासांनी स्लाइड केली, १०० च्या ऑइल लेन्सखाली. मूळ वाणात रिक्तिका म्हणजे पेशीच्या मधोमध एक फिकट गोल खड्डा, आणि त्या खड्ड्यात काळपट बारीक कण. स्थिर नाहीत, एकसारखे थरथरत, एकमेकांवर आपटत फिरणारे. फोकस किंचित हलवला की पुढचे गायब, मागचे हजर. शेजारच्या पेशीत खड्डा कणांनी जवळजवळ भरलेला. मामांना दाखवलं, ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, ‘हे जित्तं हाय काय?’

‘बत्तीस-नाही’मध्येही तेच कण, तशीच गर्दी. ‘एक-नाही’मध्ये खड्डा रिकामा. म्हणजे ‘बत्तीस-नाही’ उपाशी राहिल्यावर सरसकट पचन करतंय, मायटोकॉन्ड्रिया मात्र त्यात जात नाहीत. मोबाइल लेन्सला लावून व्हिडिओ घेतला, छपाईच्या दर्जाचा नाही, पण परीक्षकाला पटेल. प्लाझ्मिड आला की ब्लॉटही करणारच, नुसत्या डोळ्यांच्या निकालावर थांबायचं नाही.

२ सप्टेंबर

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकासाठी दुसऱ्या संस्थेत वेळ मिळाली. पेशी इथंच उपाशी ठेवून थर्मासमधून दुचाकीवरून नेल्या. लॅक्टेटमधल्या पेशीत हिरवं जाळं कडेकडेनं पसरलेलं. उपासानंतर मूळ वाणात जाळं विरळ आणि रिक्तिकेत सगळीकडे मंद हिरवं. ‘बत्तीस-नाही’मध्ये रिक्तिका काळी. रिक्तिकेची कड दाखवायला एफएम ४-६४ हा लाल रंग लागतो, तो अर्धा तास देऊन लगेच बघून चालत नाही. साध्या माध्यमात आणखी तासभर ठेवावं लागतं, नाहीतर लाल ठिपके पेशीभर विखुरतात. आमचे विखुरले. फोटोत कड ओळखायला उजेडातलंच चित्र वापरलं.

१६ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर टीटीसीची (श्वसन करणाऱ्या पेशीत लाल होणारं रसायन) चाचणी लावली. कल्पना स्वस्त आणि चांगली: मायटोफॅजी करू न शकणारं यीस्ट दिवसेंदिवस उपाशी ठेवलं की जादा मायटोकॉन्ड्रियातून निघणाऱ्या घातक ऑक्सिजनमुळे त्यांचा डीएनए खराब होतो, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलंय. अशा पेशी श्वसन करू शकत नाहीत. वसाहतींवर टीटीसी मिसळलेला कोमट अगर ओतला की श्वसन करणाऱ्या लाल होतात, न करणाऱ्या पांढऱ्या राहतात. अगर ४५ ते ५० अंशांचाच हवा, जास्त गरम ओतला तर वसाहती मरतात आणि सगळंच पांढरं दिसतं. टीटीसी उजेडात खराब होतं, बाटलीला फॉइल गुंडाळा.

निकाल अजून सांगण्यासारखा नाही. ‘बत्तीस-नाही’च्या प्लेटवर पांढऱ्या वसाहती जास्त वाटतात, पण मूळ वाणाच्या प्लेटवरही आहेत, आणि उपास सुरू होण्याआधीच्या प्लेटवरसुद्धा. प्रयोगशाळेतल्या यीस्टमध्ये अशा पेशी आपोआप थोड्या निपजतातच, आणि आम्ही सुरुवात ग्लुकोजवरच्या जुन्या प्लेटवरून केली होती. ग्लुकोजवर त्या बिनबोभाट वाढतात, लॅक्टेटवर वाढूच शकत नाहीत. पुढच्या खेपेला प्रत्येक वाणाची एकच वसाहत ग्लिसरॉलच्या प्लेटवरून उचलून लॅक्टेटमध्ये घालायची, शून्य दिवसाची प्लेट लाल येते का ते आधी बघायचं, आणि मगच उपास सुरू करायचा. ग्लिसरॉलच्या प्लेट आज ओतल्या. टीटीसीची बाटली अर्धी शिल्लक आहे, अँटिबॉडीचे सहा भाग, आणि अमोनियम सल्फेटवाला तो डबा कुणाला हवा असेल तर कळवा.